मनाआजानाटकटर : पहिलीतल्या एका वहीचं प्रकरण

दसऱ्यानंतरचा सोमवार, २०२४ सालचा. संध्याकाळी साडेसहाला बेल वाजली, दारात एक आई, एका हातात दुरेघी वही आणि दुसऱ्या हातात मुलगा, आणि मुलगा जिन्याच्या कठड्याला असा लटकलेला की काही झालं तरी आत यायचंच नाही. मी नाशिकच्या सिडकोत राहते, त्रिमूर्ती चौकाच्या जवळ. बावीस वर्षं बालवाडी घेतली आणि आता संध्याकाळी तासभर घरीच आठ-दहा पोरं घेऊन बसते, मी त्याला ट्यूशन म्हणत नाही पण लोक म्हणतात, म्हणोत.

आई आत आली, बसायच्या आधीच बोलायला लागली. "ताई, शाळेतून सांगितलंय याला शिकण्यात काही अडचण आहे का याची टेस्ट करून घ्या. श्रुतलेखनात दहापैकी तीन. वर्गात बोलत नाही. आणि परवा दसऱ्याला पाटीपूजन केलं ना, सरस्वती काढायला लावली याला, तर सगळे एक उलटे काढले याने, सगळेच्या सगळे, सासूबाईंसमोर." शेवटचं सांगताना तिचा आवाज भरून आला. मला वाटतं मार्कांपेक्षा तिला ते उलटे १ जास्त लागले होते, सणाच्या दिवशी पाटीवरच अपशकुन झाल्यासारखं.

मुलाला घरी दादू म्हणतात, इथे मीही तेच म्हणते, खरं नाव लिहिणार नाही. हे प्रकरण सविस्तर लिहायचं कारण एवढंच की असल्या वह्या माझ्याकडे दरवर्षी तीन-चार येतात आणि दरवेळी आपण चुका मोजतो, वाचत नाही. मीही कित्येक वर्षं मोजतच होते.

आधी थोडं घरचं. वडील अंबड एमआयडीसीत, शिफ्ट ड्युटी, मूळचे सटाण्याकडचे. आई सिन्नरची. दादूचा जन्म डिसेंबर २०१८ चा. मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला तेव्हा तो सव्वा वर्षाचा, त्याला आजी-आजोबांकडे गावी पाठवलं, दोन महिन्यांसाठी म्हणून. मग धाकटी बहीण झाली, मग आईने पॅकिंगचं काम धरलं, आणि ते दोन महिने तीन वर्षं चालले. २०२३ च्या जूनला नाशिकला आणून थेट सीनिअर केजीत बसवला. म्हणजे प्लेग्रुप नाही, नर्सरी नाही, ज्युनिअर केजी नाही, आणि बोलायला शिकायची सगळी वर्षं बागलाणातल्या, म्हणजे सटाण्याकडच्या एका मळ्यात, तिकडच्या अहिराणी भाषेत.

आता वय बघा. आपल्याकडे पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारी मुलं घेतात. त्यामुळे दादू जूनमध्ये पहिलीत बसला तेव्हा साडेपाच वर्षांचा होता आणि त्याच बाकावर जानेवारीत जन्मलेली मुलगी साडेसहाला आली होती. मोठ्या माणसांत अकरा महिने म्हणजे काहीच नाही, पण साडेपाच वर्षांच्या पोराच्या आयुष्याचा तो सहावा भाग झाला. आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "पण पेपर तर सगळ्यांना एकच असतो ना." यावर काय बोलणार.

मग वही उघडली. श्रुतलेखनाचं पान, लाल पेनने सात फुल्या. शब्द असे होते: घर, बदक, गवत, हे तिन्ही बरोबर. कमळ चं लिहिलं होतं कमय. डोळा चं डोया. फळा चं फया. नळ चं नय. पाणी चं पानी. चिमणी चं चीमनी. आंबा चं आमबा.

परत एकदा वाचा सावकाश, मी पण त्या दिवशी दोनदा वाचलं. सात चुका आहेत पण कारणं सात नाहीत. ळ चा य चार वेळा, एकदाही न चुकता. ण चा न दोन वेळा, तोही न चुकता. चिमणीत ऱ्हस्व-दीर्घ. आणि आंब्यावरचा अनुस्वार, जो त्याने म करून लिहिला. अहिराणीत ळ जवळजवळ नसतोच, डोळ्याला डोयाच म्हणतात, काळ्याला काया, फळाला फय. म्हणजे हे पोरगं आंधळेपणाने काहीतरी खरडत नव्हतं, त्याच्या तोंडात शब्द जसा होता तसा तो कागदावर अगदी इमानदारीत उतरवत होता. ज्या मुलाला आवाज आणि अक्षर यांची जोडी लागत नाही त्याच्या चुका अशा ओळीत उभ्या राहत नाहीत, त्या इकडेतिकडे पसरतात, आज कमळचं मकळ तर उद्या नुसतं कम.

आणि आमबा तर मला फार आवडला खरं सांगते. तुम्ही आंबा म्हणून बघा, ओठ मिटतात की नाही, म् आहेच तिथे. गंगा म्हणताना तोच टिंब ङ् होतो, अंडं म्हणताना ण्. आपण लिहून लिहून इतके सरावलोय की टिंब दिसतो पण आवाज ऐकूच येत नाही. याला ऐकू येत होता. फुली मिळाली.

ही काही फक्त आपल्याकडचीच गंमत नाही. चार्ल्स रीड नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९७१ मध्ये शाळेत जायच्या आधीच मनाने स्पेलिंग करणाऱ्या मुलांचं लिखाण तपासलं, तर ती मुलं ट्रकचं स्पेलिंग च ने सुरू करत होती, च्रक असं काहीतरी. मोठ्यांना ती चूक वाटायची पण इंग्रजीतला ट्र उच्चारताना खरंच च सारखा घर्षणाचा आवाज येतो, मोठ्यांचे कान स्पेलिंगने बंद झालेले असतात म्हणून जाणवत नाही एवढंच.

तर वही बाजूला ठेवली आणि दादूला म्हटलं ये बस. येईना. नाव विचारलं, गप्प. शाळेत मित्र कोण, गप्प, चप्पल बघतोय. माझी आजोळची माणसं मालेगावकडची, थोडी अहिराणी कानावर आहे, बोलताना धेडगुजरीच होते पण म्हटलं बघू तरी. विचारलं, "तुना आजा काय करस रे?"

पोराने मान वर केली. आणि मग जे सुरू झालं ते दहा मिनिटं थांबलं नाही. आजाचा ट्रॅक्टर नाल्यात रुतला, चाक नुसतं फिरे आणि चिखल आजीच्या लुगड्यावर उडाला, मग आजी काय बोलली (ते मी इथे लिहू शकत नाही), मग शेजारचा ट्रॅक्टर आणला, दोर तुटला, मग साखळी बांधली, मग निघाला, आणि मग सगळ्यांनी बांधावर बसून चहा घेतला. आधी काय झालं, मग काय अडचण आली, काय करून बघितलं, ते का फसलं, शेवटी कसं सुटलं, मधे आजीचा आवाज काढून आजीचं वाक्य. पावणेसहा-सहाच्या मुलाने एवढी रचलेली गोष्ट सांगणं म्हणजे भाषा उत्तम आहे त्याची. शाळेच्या नोंदीत होतं, "बोलत नाही." आई माझ्याकडे बघत होती, तिला पण बहुतेक ही गोष्ट नवीन होती.

मी कागद आणि जाड खडू दिला, म्हटलं काढ तो ट्रॅक्टर. काढला, चाकं ट्रॅक्टरपेक्षा मोठी. म्हटलं आता खाली लिही हे काय आहे. त्याने ओठांत पुटपुटत पुटपुटत एका दमात लिहिलं:

मनाआजानाटकटर

मी वाचलं आणि म्हटलं, "नाटक? कसलं नाटक?" त्याने माझ्याकडे जी नजर टाकली ती अजून आठवते, या बाईला टेस्टला न्यायला पाहिजे अशी. मग बोट ठेवून वाचून दाखवलं, मना, आजाना, टकटर. माझ्या आजाचा ट्रॅक्टर.

दोन शब्दांत जागा सोडायची असते हे त्याला अजून माहीत नव्हतं, आणि का माहीत असावं, बोलताना आपण कुठे जागा सोडतो? शब्द सुटे असतात हे लिहायला-वाचायला लागल्यावरच कळतं. ट्रॅक्टरमधली दोन्ही जोडाक्षरं गायब, ॲ ची मात्रा गायब, तेही या वयात होतंच. पण काना? चारही काने जागच्या जागी. पहिलीच्या ऑक्टोबरात.

इथे थोडं थांबून सांगते, कारण पालकांना वाटतं की लिहिणं म्हणजे ग गणपतीचा गिरवला की सुरू होतं. एमिलिया फेरेरो म्हणून अर्जेंटिनाची संशोधक होती, बालमानसशास्त्रज्ञ पियाजेंच्या हाताखाली शिकलेली. तिने आना टेबेरोस्कीबरोबर स्पॅनिश बोलणाऱ्या लहान मुलांवर काम केलं, १९७९ मध्ये ते छापून आलं. त्यात दिसलं की मुलं शाळेच्या कितीतरी आधीपासून लिखाणाबद्दल स्वतःचे नियम बांधत असतात आणि मोडत असतात. आधी चित्र वेगळं आणि लिखाण वेगळं हे कळतं. मग कमीतकमी दोन-तीन चिन्हं असल्याशिवाय तो शब्दच नाही असं वाटतं. मग एक टप्पा येतो जिथे तोंडातल्या एका तुकड्याला कागदावर एक अक्षर. आपल्याकडे तो टप्पा कसा दिसतो माहितीये? काकाचं कक. मामीचं मम. व्यंजन पकडलं, स्वर सुटला. बालवाडीत माझ्याकडे अशी मम आणि कक खंडीभर यायची आणि मी वर्षानुवर्षं "काना विसरला" म्हणत राहिले. विसरला नव्हता, अजून त्याच्या हिशोबात काना आलेलाच नव्हता.

आणि आपली लिपी काही सोपी नाही. चौतीस व्यंजनं गुणिले बाराखडी, झाले चारशे आठ, जोडाक्षरं अजून वेगळीच. वेलांटी ि लिहायची आधी आणि बोलायची नंतर, र कधी डोक्यावर चढतो कधी पायात अडकतो. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केलाय, २००७ चा आहे, तीही आपल्यासारखीच अक्षरांची लिपी, त्यात मुलांचं अक्षरज्ञान चौथीपर्यंत हळूहळू भरत जाताना दिसतं. आणि आपण पहिलीच्या दिवाळीला निकाल लावून मोकळे.

उलट्या १ चं पण सांगून टाकते म्हणजे आईसारखं कुणाला रडू यायला नको. कप डावीकडून बघा नाहीतर उजवीकडून, कपच असतो, डोळ्याला लहानपणापासून हेच शिकवलेलं असतं. अक्षरं आणि आकडे ही जगातली पहिली अशी वस्तू की जिची बाजू बदलली की ती वेगळीच होते, ३ चा ६ होतो. ही सवय मोडायला वेळ लागतो, सहा-सात वर्षांपर्यंत उलटं लिहिणं सर्रास दिसतं आणि नुसत्या त्यावरून डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली शिकण्याची अडचण, म्हणत नाहीत.

तरीपण मी काही डॉक्टर नाही, त्यामुळे आईला म्हटलं आधी कान आणि डोळे तपासून घ्या. सिव्हिलला जाऊन आले, दोन्ही नीट. लर्निंग डिसॅबिलिटीचं म्हणाल तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ती आहे आणि सरकारी सूचनांप्रमाणे शाळेत तिची पहिली चाळणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा करायची असते. सहा पण पूर्ण नसलेल्या मुलाची टेस्ट केली असती तरी हाती ठोस काही लागलं नसतं. "तिसरीत अडचण राहिली तर नक्की करू, मी स्वतः येईन," असं सांगितलं, ते अजूनही माझ्या डोक्यात आहे, विसरलेले नाही.

वर्गशिक्षिकेला फोन केला. मला वाटलं होतं भांडण होईल, पण बाई बऱ्या निघाल्या, फक्त दमलेल्या. वर्गात चव्वेचाळीस मुलं. आरटीईत प्राथमिकला तीसाला एक शिक्षक लिहिलंय, ते कागदावर. त्या स्वतः कोल्हापूरकडच्या, अहिराणी त्यांनी कधी ऐकलीच नव्हती, डोया म्हणजे त्यांच्यासाठी सरळ चूक. मी समजावल्यावर दोन सेकंद गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "अहो, माझ्या वर्गात असे अजून सहा-सात असतील." सिडकोत कसमाद्याची, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याची माणसं किती आहेत ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मराठीपासून वेगळी भाषा म्हणून मोजलीय, अठरा लाखांच्या वर बोलणारे, त्यात अहिराणीवाले आले. शाळेत मात्र ती "अशुद्ध मराठी" असते.

बाईंनी एक गोष्ट लगेच मान्य केली, घरी रोज दहा-दहा ओळी गिरवून आणायच्या त्याऐवजी दादूने दोनच ओळी आणायच्या. याचं कारण हात. पेन्सिल तो मुठीत नव्हता धरत, पण चार बोटांनी आवळून धरायचा आणि इतका जोर द्यायचा की पान फाटे. गोल, अधिक, चौकोन काढायला लावले, जमले, त्रिकोण थरथरत आला, पतंगाचा आकार नाही आला. तो सहा-सातच्या आसपास येतो, ठीक आहे. मनगटातली आठ हाडं जन्मतः नुसती कूर्चा असते, एकेक करून हाड बनत जातं, आणि शेवटचं तर आठ ते बारा वर्षांच्या मधे कधीतरी. त्या मनगटाकडून दहा ओळी.

आईला हे अजिबात पटलं नाही. "लिहिलं नाही तर सुधारणार कसं?" तिचंही चुकत नव्हतं, तिच्या लहानपणी पाठीत धपाटा खाऊनच अक्षर वळणदार झालेलं. मी म्हटलं लिहू नको म्हणत नाहीये, पण पेन्सिल सोडून हाताला दुसरं काम द्या. मटार सोलणं, कणकेचे गोळे. आणि रांगोळी. दिवाळी तोंडावरच होती. रांगोळीची चिमूट सोडताना अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट जसं जुळतं ना तसंच ते पेन्सिलीवर जुळायला हवं असतं, याच्यापेक्षा भारी व्यायाम मला तरी माहीत नाही. दिवाळीला आजी गावाहून आली होती, तिने ठिपके काढायला शिकवले. दादूने बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ट्रॅक्टर काढला रांगोळीने. चाकं तेवढीच मोठी.

आता माझी चूक सांगते. नोव्हेंबरभर मी ळ च्या मागे लागले. आरशासमोर बसवून जीभ मागे वळव, टाळूला लाव, सोड. ळ ऐकला की टाळी. बाळ, माळ, शाळा, केळं. पंधरा दिवसांत ळ बोलायला पण लागला आणि लिहायला पण, मी खूश, आईला फोन करून सांगितलं. आणि मग एक दिवस त्याने लिहून आणलं, "गाळ दूध देते." गाय नाही, गाळ. पायाचं पाळा झालं होतं, येतोचं ळेतो. मला हसू आवरेना आणि लगेच पोटात गोळा पण आला. त्याने एकदम तर्कशुद्ध निष्कर्ष काढला होता, की मी जिथे जिथे य म्हणतो तिथे शाळेत ळ म्हणतात. मी ळ एकटा शिकवला, शेजारी य ठेवलाच नाही, मग तो दुसरं काय समजणार. तीन आठवडे गेले यात, आणि आधी जे बरोबर लिहायचा तेही बिघडवून बसले मी.

मग जोड्या घेतल्या, गाय-गाळ, पाय-पाळ, माया-माळा, दोन्ही शब्द खरे, दोन्हीचं चित्र वेगळं. मी बोलायचं, त्याने चित्र उचलायचं. मग त्याने बोलायचं आणि मी उचलायचं, हा भाग त्याला जास्त आवडायचा कारण मी मुद्दाम चुकायचे.

पण खरा फरक आजीने पाडला. आजी संक्रांतीपर्यंत थांबली. मी एका वहीच्या पानाचे मधे रेघ मारून दोन भाग केले, डावीकडे "आजीचा शब्द", उजवीकडे "शाळेचा शब्द". डोया, डोळा. फय, फळ. माले, मला. आठे, इथे. दोन्ही रकाने बरोबर, कुठेच फुली नाही. आजीला आधी फार संकोच वाटला, ती कधी शाळेत गेलेली नाही, म्हणे, "आमनं बोलनं कोन लिखस?" दादू म्हणाला, मी लिहितो. आणि मग ती सुटलीच, रोज संध्याकाळी नवीन शब्द, त्याच्या पेन्सिलीचा वेग पुरेना. पंधरा-वीस दिवसांत डावा रकाना उजव्याच्या पुढे निघून गेला आणि मग उजवीकडचा शब्द शोधायला तो स्वतः आईला, मला, वर्गशिक्षिकेला विचारायला लागला. वर्गात ज्या मुलाचं तोंड उघडत नव्हतं त्याने बाईंना जाऊन विचारलं की आंडोरला शाळेत काय म्हणतात. बाईंनी उलट त्यालाच विचारलं, आंडोर म्हणजे काय. मुलगा. त्या दिवशी बाईंचा मला मेसेज आला, तीन हसण्याचे इमोजी आणि खाली, "आज मी शिकले."

मधेच एक भलताच गोंधळ. फेब्रुवारीत दादूचा ल आणि श बदलला. आपला ल दोन पाकळ्यांचा असतो, त्याने उभ्या काठीचा हिंदी ल काढायला सुरुवात केली. आई घाबरली, परत उलटं लिहायला लागला की काय. शोध घेतल्यावर कळलं की वडिलांनी मोबाईलवर अक्षरं शिकायचा व्हिडिओ लावून दिला होता, तो हिंदीचा. २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवून दिलाय, पण यूट्यूबला कोण सांगणार. व्हिडिओ बंद केला, आठवड्यात ल परत आला. एवढंच.

वडिलांचं निघालंच आहे तर चिठ्ठ्यांचं सांगते. ते रात्रपाळीला असले की दादू शाळेतून यायच्या वेळी झोपलेले आणि तो झोपायला जायच्या वेळी डबा घेऊन निघालेले, आठवडा आठवडा भेट नाही. मला ही युक्ती सुचली नव्हती, आईलाच सुचली, की डब्यात चिठ्ठी टाक. पहिली होती, "पपा लवकर या". शब्दांत जागा सोडलेली! कारण वाचणारा आपल्यासमोर नाही, बोट ठेवून सांगता येणार नाही की हे नाटक नाही टकटर आहे. वही तपासणाऱ्या बाईंना शब्द आधीच माहीत असतात, तिथे काय लिहिलंय ते कुणी खरंतर वाचतच नाही. पपांना मात्र माहीत नव्हतं काय लिहिलंय. दुसऱ्या दिवशी डब्यात उत्तर आलं, कंपनीच्या कुठल्यातरी पावतीच्या मागे, "रवीवारी पांडवलेणीला जाऊ." वडिलांचं पण रवीवारी दीर्घ. आईने मला फोटो पाठवून विचारलं यांचं दुरुस्त करून देऊ का मुलाला दाखवायच्या आधी. म्हटलं अजिबात नको.

महिन्या दीड महिन्यात छत्तीस चिठ्ठ्या झाल्या, आईने एका बरणीत भरून ठेवल्यात. मी त्या ओळीने लावून बघितल्या. सुरुवातीला तीन शब्द, मग पाच, मग एकदा पूर्ण भांडण, बहिणीने काय तोडलं आणि आईने कुणाला ओरडलं आणि कुणाला नाही. एका चिठ्ठीत "मी राहिल्यो" आहे, तो शब्द ना आजीचा ना शाळेचा, त्याने स्वतः दोन्हीकडून जुळवून केलेला.

एप्रिलमध्ये मी तेच दहा शब्द परत घातले, त्याला न सांगता. सात बरोबर. ळ चे चारही आले. चुकले ते पाणी, चिमणी आणि आंबा. पाण्याचं अजून पानीच, चिमणीत वेलांटी आता बरोबर पण न तसाच, आणि आंब्यावर टिंब दिलंय पण म पण ठेवलाय, आंमबा, कशाला विषाची परीक्षा. आई म्हणाली सातच का. मी म्हटलं नाशिकमधली निम्मी मोठी माणसं पानीच म्हणतात, फक्त लिहिताना ण काढतात, तो ण कानाने येणारच नाही, डोळ्याने वाचून वाचूनच येईल, त्याला पुस्तकं द्या. शिवाय शुद्धलेखनाचे नियम म्हणजे १९६२ ला चौदा ठरले, १९७२ ला अजून चार वाढवले, आणि त्या अठरांपैकी किती मला न बघता सांगता येतील याची मला स्वतःला शंका आहे.

शाळेच्या प्रगतिपत्रकात बाईंनी लिहिलं, "वर्गात बोलतो. कधीकधी जास्त बोलतो."

मे महिन्यात दादू गावी गेला. मधेच एक दिवस वडिलांच्या फोनवरून माझ्याकडे आला एक फोटो, वहीचं पान, मधे रेघ मारलेली. आजीने सांगितलेलं डावीकडे, "आठे पानी नई." आणि उजवीकडे त्याने स्वतःच्या मनाने, कुणी न सांगता, "इथे पाणी नाही." ण काढलेला, थोडा जास्तच मोठा. खाली नेहमीचा ट्रॅक्टर. त्याच्यावर लिहिलंय टॅकटर, मात्रा आलीये, र मात्र अजून नाल्यातच रुतलेला आहे.